घर तिचं, नाव माझं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवळात एकटी बसले असतानाही कधी तोंडातून काढलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. उद्या बाजारात समोर आलात तर मला तोंड चुकवावं लागणार नाही. म्हणजे बघा, कबूल करतानासुद्धा आधी स्वतःची सोय पाहिली. मी अशीच आहे.

मी शाळामास्तरीण. कानडी मुलखातल्या रामनगरच्या आसपासच्या मराठी शाळांत तीस-एक वर्षं शिकवलं. पोटात दुखतंय म्हणणारं पोर नुसतं कसं उभं राहिलंय त्यावरून मला कळायचं, खरं दुखतंय की पाढे पाठ नाहीत. कितीजणांना मी भर वर्गात खरं बोलायला लावलं असेल! अजून लोक म्हणतात, बाईंच्या म्होरं खोटं चालत न्हाई. हे ऐकलं की मी पदर सारखा करते आणि दुसरा विषय काढते.

मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे ते घर माझं नाही. कागदावर माझं आहे. पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, पंचायतीच्या घरपट्टीवर, विजेच्या बिलावर, सगळीकडे माझंच नाव आहे. पण ते इंगाचं घर आहे. आणि इंगा इथं नाही. का नाही — तेच सांगायचंय. पण लगेच सांगवत नाही, जरा दम धरा.

इंगा नॉर्वेची. पहिल्यांदा आली ती कुळगीच्या रानात, पक्षी बघायला. परत जाताना रामनगरच्या स्टँडवर तिची बस चुकली. ट्रकांच्या धुरळ्यात, पाठीवर भलंमोठं बोचकं घेऊन ही उंच बाई उभी, आणि सगळे रिक्षावाले तिच्याभोवती. मी शाळेतून परतत होते. चार वाक्यं इंग्रजी येतं या जोरावर पुढं झाले आणि तिला घरी घेऊन आले. एक रात्र राहायची ती नऊ दिवस राहिली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण शेजारची पोरं मला अक्का म्हणतात म्हणून तीही अक्का म्हणायला लागली. पुढच्या वर्षी आली तेव्हा माझ्यासाठी लोकरीची जाड टोपी विणून आणली होती. आमच्या हवेत लोकरीची टोपी! मी तिला खूप हसले होते. तीही हसली.

तिला मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला, जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेली. आमच्या गावात, बाजारकुणंगच्या पुढं, एकजण घर-जागा विकून गोव्याला जायच्या बेतात होता. ओढ्याकडं तोंड असलेली पडवी, मागं फणस, आणि सकाळी डोक्यावरून ककणेर म्हणजे धनेश पक्षी पंखांचा आवाज करत जातात. इंगानं ती पडवी बघितली आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, मरायचं तर इथं. तिला दुसरं काही नको होतं. एवढंच हवं होतं — आपलं म्हणता येईल असं एक घर, जिथून कुणी उठवणार नाही.

आम्ही दोघी खानापूरच्या एका वकिलाकडे गेलो. त्यानं स्पष्ट सांगितलं. परदेशी माणसाला आपल्याकडे शेतजमीन घेता येत नाही, आणि ही जागा कागदावर शेतजमीनच आहे. पैसे हिचे आणि नाव दुसऱ्याचं, असं केलंत तर तोही गुन्हा. वर हेही सांगितलं, की उद्या नाववाल्याची नियत फिरली तर ही बाई कोर्टातही जाऊ शकणार नाही, कारण जायचं तर आधी आपणच कायदा मोडला हे स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. हे सगळं मी तिला इंग्रजीत समजावून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तेव्हा मी शब्द गाळत नव्हते.

परतीच्या बसमध्ये तिनं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, अक्काच्या नावावर करू. मी नको म्हटलं. तिनं विचारलं, तुमच्या लोकांत पूर्वी कागद नसताना काय करत होते? आणि मी — हौसेनं, अगदी धडा शिकवावा तशी — तिला नारळाचं सांगितलं.

आमच्याकडं दोन माणसांत काही ठरलं की गावदेवाच्या पुढ्यात दोघांच्या हातानं एक नारळ ठेवतात. पुजारी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय ठरलं ते देवाला मोठ्यानं सांगतो. तो नारळ तिथंच देवाच्या कोनाड्यात राहतो. नारळ आहे तोवर शब्द आहे. भावाभावांच्या वाटण्या, सोयरिकी, बांधाचे तंटे, सगळं आमच्या रानातल्या गावांत असंच चालत आलं. कोर्टात खोटं बोललेली माणसं मला ठाऊक आहेत. नारळ ठेवून फिरलेला माणूस माझ्या माहितीत एकही नव्हता. हे मी इंगाला सांगितलं, आणि ते खरं होतं. तिनं वकिलाचं ऐकलं नाही, माझं ऐकलं.

खरेदीखत तालुक्याला, जोयड्याच्या कचेरीत झालं, माझ्या नावानं. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी नारळ ठेवला. पुजारी वेळीपमामा, तेव्हाच सत्तरीचे. त्यांनी गाऱ्हाणं घातलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "देवा, ह्या दोघी तुझ्या पायापाशी आल्यात. घर हिचं, नाव तिचं. नाववालीनं घरवालीला उठवू न्हये, घरवालीनं नाववालीला इसरू न्हये. कोण फिरंल त्येला तू बघून घे." इंगाला त्यातलं निम्मंच कळलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

पुढची सात-आठ वर्षं चांगली गेली. खरंच चांगली गेली, ते खोटं नव्हतं. इंगा दसऱ्याच्या सुमाराला यायची आणि उन्हाळा लागता लागता जायची. तिनं कौलं बदलली, पडवीला लाकडी खांब लावले, परसात आमच्या बायकांकडून शिकून कंद लावले. कामाला येणाऱ्या बायका तिला 'इंगाबाय' म्हणायच्या आणि तिच्या मराठीवर पोट धरून हसायच्या. पावसाळाभर किल्ली माझ्याकडे. झाडणं-पुसणं, गळकं कौल बघणं, ओल लागली तर चूल पेटवून धूर देणं, हे माझं काम.

आता बघा, माणूस कुठं घसरतं ते. घरपट्टी भरायला मी पंचायतीत जायची. तिथला कारकून माझं नाव मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, "बाई, झ्याक घर बांधलासा व्हय!" खरं तर सांगायची सोयच नव्हती. घर इंगाचं, असं चारचौघांत म्हटलं असतं तर तीच अडचणीत आली असती. तेव्हा खोटं बोलणं भागच होतं. पण भाग होतं म्हणून बोललेलं ते खोटं मला गोड लागायला लागलं, हे मी कुणाला सांगितलं? जन्मभर मी नवऱ्याच्या एकत्र घरातल्या एका खोलीत काढलेली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नावं हजेरीपटात लिहिली. माझं नाव कशावर म्हणून नव्हतं. पावसाळ्यात मी त्या पडवीत एकटीच चहा घेऊन बसायची आणि ओढ्याचं पाणी बघत मनात म्हणायची, माझं. नुसतं म्हणून बघायची.

मग मी निवृत्त झाले. त्याच वर्षी इंगा आली ती म्हणाली, आता परत जायचं नाही. पावसाळाही इथंच काढायचा. तुम्ही दोघं इकडंच राहायला या, ओढ्याकडची खोली तुमची. अगदी आनंदानं सांगत होती. पुढचं तुम्ही विचाराल — मग अडचण काय होती? काहीच नव्हती. ती मला घरात घेत होती. कुणी मला रस्त्यावर टाकत नव्हतं, कुणी माझे कान भरले नव्हते. मुलगा होमस्टे काढू म्हणायचा, पण ते नुसतं बोलणं. त्याच्यावर मी काही ढकलणार नाही.

मला तिच्या घरात राहायचं नव्हतं. मला माझ्या घरात राहायचं होतं. ती पावसाळाही घेते आहे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं आणि मला तिचा संताप आला. तिचाच, तिच्याच घरासाठी! लाज वाटते ती याची, पण तेव्हा वाटली नाही.

पण कोनाड्यात नारळ होता. आणि मी भित्री. कायद्याची भीती नव्हती, तो माझ्याच बाजूचा होता. देवाची भीती होती. मी आडून आडून वेळीपमामांना विचारलं, ठेवलेला नारळ सोडवायचा कसा? ते म्हणाले, "काम पुरं झालं म्हंजे सोडवायचा. पर दोघीनी ठेवला, दोघीनीच यायचं. एकलीनं न्हाई चालत."

आणि मी तिला घेऊन गेले.

सांगितलं, वर्षाची पूजा आहे, जुना झालेला नारळ फोडून मामा मागाहून नवा ठेवतात. देवाचे आभार मानायचे, कारण तू आता कायमची आली आहेस. ती धुतलेली सुती साडी नेसून आली, मीच नेसवली. वाटेत तिला शिकवत गेले, मामा काही विचारतील, तू 'हाय' म्हण. मामांना दिसत कमी होतं, ऐकू मात्र नीट यायचं. त्यांनी भराभर गाऱ्हाणं घातलं. ह्या दोघींचं काम पुरं झालं, शब्द पाळला, आता दोघींना मोकळं कर. मग विचारलं, "दोघीची मर्जी हाय न्हवं?"

"हाय," मी म्हटलं.

"हाय," इंगा म्हणाली. आणि बरोबर म्हटलं का, म्हणून माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. शाळेत पोरानं बरोबर उत्तर दिलं की डोलवायची ना, तशीच.

मामांनी नारळ फोडला. इतक्या वर्षांनी आतलं खोबरं वाळून सुटं झालं होतं. त्यातला एक तुकडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला आणि एक माझ्या. तिनं तो खाल्ला. मीही खाल्ला. देवाला असं फसवता येतं का हो? माझी तेव्हा खात्री होती, की रीतीप्रमाणं सगळं झालं. दोघी होत्या, मर्जी विचारली, नारळ फुटला. पाढ्यातला एकही आकडा चुकला नव्हता. आम्ही माणसं रीतीला इतकी मानतो ना, की रीत पुरी झाली की आतलं कुणी बघत नाही असं आम्हाला वाटतं.

त्यानंतरचं सोपं होतं. परदेशी माणसाला सहा महिन्यांच्या वर राहायचं तर नोंदणी करावी लागते, आणि त्या अर्जाला घरमालकाचं पत्र जोडावं लागतं. घरमालक कोण? मी. इतकी वर्षं ती वेळेत निघून जायची, तेव्हा प्रश्न आला नव्हता. या खेपेला तिनं आपले सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडं दिले. रामनगरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून करून घे म्हणाली. आठ दिवसांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. पिशवी माझ्या कपाटात साड्यांखाली होती.

मुदत उलटली. पुढं पोलीस आले. लोकांना मी नेहमी सांगत आले, की पोलीस आपणहून आले, तेव्हा रानाच्या बाजूला सगळीकडे तपासणी चालली होती. नाही — इथवर आले आहे तर हेही सांगते. मीच बोलले होते. आमच्या भागाचा पोलीस शुक्रवारी बाजारात भेटला, माझ्या एका विद्यार्थ्याचा भाऊ. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आमच्याकडं एक परदेशी बाई राहतात, जरा येऊन बघून जावा, माझ्या नावावर घर आहे, मला घोर लागतो. अगदी असंच. 'माझ्या नावावर घर आहे' हे सांगायला विसरले नाही.

तो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक साहेब होते, कन्नड बोलणारे. इंगाला मराठी मोडकंतोडकं कळायचं, कन्नड एक अक्षर नाही. ती लगबगीनं चहा करायला गेली. साहेबांनी मला विचारलं, घर तुमचं? मी कन्नडात हो म्हटलं. मग यांची नोंदणी का केली नाही? मी म्हटलं, ह्या माझ्याकडं पाहुण्या आल्या होत्या, मुदतीचं मला काही बोलल्या नाहीत. जा म्हटलं तरी जात नाहीत. — हे मी म्हणाले तेव्हा ती माझ्या खुर्चीच्या मागं उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिला वाटलं मी तिची बाजू मांडते आहे. तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला.

पुढचं सगळं कागदानं केलं. तिला नोटीस आली, दंड भरावा लागला, महिन्याच्या आत देश सोडायचा हुकूम झाला. ती गोंधळून गेली होती. म्हणायची, अक्का, आपण तर नोंदणी केली होती ना? मी म्हटलं, कॉम्प्युटरवाल्याचा घोटाळा झाला असेल, हे सरकारी काम असंच असतं. सगळं गाव सरकारला शिव्या देत होतं. मीही दिल्या, आणि मोठ्यानं दिल्या.

तिला मी गोव्याच्या गाडीत बसवून दिलं. कामाला येणाऱ्या बायका रडत होत्या. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे कसं सांगू? तिनं दारातून वळून घराकडं फारसं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, बरं झालं घर तुझ्या नावावर आहे, माझ्या नावावर असतं तर आज सगळंच गेलं असतं. मी आले की बघू. तिनं दोनदा व्हिसासाठी अर्ज केला. दोन्ही वेळा नाकारला.

वेळीपमामा पुढच्या वर्षी वारले. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेले होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "बाई, ती घरवाली गेली कशी मग? आमी तर काम पुरं झालं म्हून दोघीना मोकळं केलाव." मी म्हटलं, तिच्या देशात तिचं काम निघालं. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो मी तिथंच ठेवून उठले.

आम्ही इथं राहायला आलो त्याला आता चार वर्षं होतील. होमस्टेचा बोर्ड लागलाय. पाहुणे पडवीत बसून फोटो काढतात आणि विचारतात, एवढं सुंदर घर कुणी बांधलं? नवरा म्हणतो, आमच्या हिनं. त्याला एवढंच माहीत आहे, की इंगानं जाताना घर आम्हाला सोडलं. तुम्हाला वाटत असेल, मला इथं झोप लागत नसेल, खांब खायला उठत असतील. तसं काही नाही. झोप लागते. सकाळी ककणेर गेले की मी वर बघते, मला बरं वाटतं. हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

इंगा महिन्याला एक निरोप पाठवायची. फणस धरला का, कंद काढले का, ओढ्याला पाणी किती. मी फोटो पाठवायची, होमस्टेचा बोर्ड येणार नाही असा बाजूनं काढलेला. तुझी खोली तशीच ठेवली आहे, असंही एकदा लिहिलं. त्या खोलीत तेव्हा बेळगावचं एक जोडपं उतरलं होतं.

या उन्हाळ्यात तिचे निरोप बंद झाले. मग एक जाड पाकीट आलं, तिच्या देशाच्या शिक्क्यांचं. तिला झटका आला होता, ती आता एका वृद्धाश्रमात आहे, उजवा हात चालत नाही. तिनं तिथल्या वकिलाला बोलावून कागद करून घेतला होता आणि त्याचं इंग्रजीही जोडलं होतं. त्यात लिहिलं होतं, की भारतातलं माझं घर मी माझ्या अक्काला देते, कारण मी नसताना तिनं ते माझ्यासाठी राखलं. खाली डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही होती.

त्या कागदाला आपल्याकडं काडीची किंमत नाही. ज्याच्यावर तिचं नाव कधी नव्हतंच, ते ती देणार कशी? पण या सगळ्या प्रकरणात सरळ मनानं केलेला कागद तेवढा एकच आहे. मी तो वाचला, पुन्हा वाचला. सोबत तिथल्या नर्सची चिठ्ठी होती. इंगा रोज विचारते, अक्काला कागद पोचला का? जोडलेल्या कागदावर 'मिळाला' असं लिहून सही करून पाठवा, म्हणजे तिच्या जिवाला शांतता वाटेल.

मी टेबलाशी बसले आणि पूर्ण नावानं सही केली. त्या कागदावर सहीच्या वर चांगली चार बोटं जागा कोरी होती, मजकूर लिहायला सोडलेली; खरं लिहायचं तर तेवढ्यात मावलं असतं. मी 'मिळाला' एवढंच लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि रामनगरच्या पोस्टात टाकून आले.